खटक्यापाशी बसणारं माणूस

चालू सीआरओच्या उघड्या पोटात हात घालायचा असेल, तर आधी बांगड्या उतरवायच्या, गळ्यातलं काढून ठेवायचं, डावा हात पाठीमागं कमरेत खोचायचा आणि खटक्यापाशी एक माणूस बसवायचं. इथल्या, तंजावरकडच्या एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नोकरी संपेपर्यंत मी हे मुलींकडून घोकून घेतलं. हात मागं का, तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्या हातातून बाहेर पडते आणि वाटेत काळीज लागतं. माणूस का, तर विजेनं धरलेल्याला ओरडता येत नाही. एवढं सांगून मी मुद्दाम थोडी थांबायची. मग मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या मुलीही गप्प व्हायच्या.

सीआरओ म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर हिरव्या रेघेनं दाखवणारं यंत्र. माझ्याकडचे सगळे जुने, काचेच्या व्हॉल्वचे, ट्रंकेएवढे. उचलायला दोघं लागतात आणि तापले की खोलीत गरम धुळीचा वास सुटतो. कॉलेजांनी ते कधीच भंगारात काढले आणि पुस्तकाएवढे चपटे नवे आणले. मला नव्यांचं कौतुक नाही. बिघडले तर उघडून बघावं असं आत काही नसतं. जुन्याचं झाकण काढलं की ज्या कुणी तो जोडला त्याचा स्वभाव दिसतो. कुठं नीट वेळ घेतला, कुठं जेवायची घाई झाली, सगळं सोल्डरच्या टाक्यांवरून कळतं. नोकरीत असल्यापासूनच मी असले सीआरओ, मीटर, सिग्नल जनरेटर घरी आणून दुरुस्त करायची. निवृत्त झाल्यावर तर मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. स्वामीमलैच्या एका ओताऱ्याच्या भट्टीचा तापमानाचा काटा, आडुतुरैच्या एका गिरणीचा भातातला ओलावा मोजायचा मीटर, असली बाहेरची कामंही अधूनमधून यायची. पण खरा जीव सीआरओत.

बांगड्या उतरवणं सोपं होतं. गळ्यातल्यावरून मात्र घरात लग्नानंतर लगेच वाजलं. आम्ही तंजावरच्या मराठी लोकांपैकी. मंगळसूत्राला घरात सगळे तालीच म्हणतात आणि ती एकदा गळ्यात पडली की निघत नाही. सासूबाईंना मी समजावलं, की वाकल्यावर ती साखळी नेमकी दोन हजार व्होल्टच्या तारेवर लोंबते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कायबी असो. ताली काढायाची नाहीं. करंट लागला तरी गळ्यांतच पाहिजे." मी रागानं कामाच्या बेंचपासून उठले.

तोड नवऱ्यानं काढली. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा त्यांनी आणला, ताली गळ्यावरून पाठीकडं फिरवली आणि साखळी ब्लाऊजला मागं चिमट्यानं धरून ठेवली. सासूबाईंनी बघितलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या, म्हणजे पसंत पडलं. तेव्हापासून मी उघडा सेट चालू करायचा म्हटलं की हे येऊन चिमटा लावायचे आणि खटक्यापाशी खुर्चीत बसायचे. काम झालं की चिमटा काढून खटक्याच्या लाकडी पाटीवरच्या खिळ्याला अडकवायचे.

यांना विजेतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिरुभुवनम्‌च्या एका विणकर सोसायटीत ते हिशेब बघायचे. रेशमाच्या साडीचा काठ बोटांनी चाचपून ते चूक सांगायचे, पण प्लस आणि मायनस यांत भांडण कशावरून हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तरी खटक्यापाशी बसायचा त्यांना कंटाळा नव्हता. एका हातात पेपर, आणि थोड्या थोड्या वेळानं माझ्या पाठीमागून प्रश्न यायचा, "आहेस कीं?"

"आहें," मी म्हणायची. उत्तर आलं नाही तर आधी खटका वर करून वीज तोडायची, मग काय झालं ते बघायचं, असं ठरलेलं. तसं करायची पाळी कधी आली नाही. कधी मी वैतागायची. एखादा टाका नजरेत येतोय आणि नेमकं तेव्हाच "आहेस कीं?" मी म्हणायची, "नाहीं, गेलें." ते म्हणायचे, "मग जेवायास कोण येणार?" आणि बिघाड सापडला की मी म्हणायची, "सांपडलें," आणि मागून यायचं, "मग बंद करूं?" रोजचंच होतं हे सगळं. त्यात काही बोलतोय असंही आम्हाला वाटायचं नाही.

आमची ही बोली बाहेरच्यांना जुनाट वाटते. एकदा पुण्याहून आलेले एक पाहुणे ऐकून खूष झाले आणि म्हणाले, तुम्ही लोक जुन्या दप्तरातल्या कागदासारखं बोलता. कौतुकानंच म्हणाले, तरी मला राग आला. आम्ही कागद नव्हतो, रसम ढवळत बोलत होतो. मी लिहिते ती ही मराठी पुस्तकं आणि मासिकं वाचून आलेली. उंबऱ्याबाहेर आमचं सगळं तमिळ. घरातली मराठी घरातच, आणि सासूबाई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मुलगा कोइंबतूरला. तो फोनवर दोन वाक्यं आमचं बोलतो आणि तिसऱ्याला तमिळवर येतो.

हे गेले ते सकाळच्या बाजारात. केळीची पानं आणायला गेले होते. कुणाचं तरी पानांचं ओझं पडलं असं लोकांना वाटलं, नंतर कळलं की माणूस पडला. मी घरी फिल्टरमधली कॉफी गळायची वाट बघत होते. माझ्या पाठीशी इतकी वर्षं बसून ते विचारत राहिले आणि त्यांच्या वेळेला त्यांना विचारायला मी नव्हते. याचं दुःख मला अजून गिळता आलेलं नाही. लोक म्हणतात, पुण्यवान, त्रास झाला नाही. मी मान हलवते.

ताली निघाली. आता गळ्यात काही नाही आणि हातातही नाही. उघड्या सेटवर वाकायला मी आता अगदी निर्धोक आहे. मुलींना सांगायची तशीच. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बेंचशी उभी होते आणि तशीच बाहेर जाऊन पायरीवर बसले.

तेव्हा बेंचवर दोन रेघांचा एक सीआरओ उघडा होता. आमच्या पॉलिटेक्निकचाच, ज्यावर मी पहिल्यांदा शिकवलं तो. भंगाराच्या ढिगातून मी तो जवळजवळ भांडून सोडवून आणला होता. त्याचा आजार चमत्कारिक होता. चालू केला की शहाण्यासारखा चालायचा आणि पुरता तापला की रेघ उडी मारून पडद्याच्या वर निघून जायची. थंड झाला की पुन्हा शहाणा. असला बिघाड बंद सेटमध्ये सापडत नाही. तो तापवून, चालू ठेवून, एकेक टाका बांबूच्या काडीनं टिचकावत शोधावा लागतो. आम्ही निम्म्यावर आलो होतो. मी त्याच्यावर टॉवेल टाकला आणि बरेच महिने टॉवेल तसाच राहिला.

त्यानंतर मी फक्त थंड कामं केली. खटका बंद, वायर उपटलेली, मीटरनं नुसतं मोजायचं. बटणं साफ केली, काटे सरळ केले. चालू सेटला हात लावला नाही, कारण खटक्यापाशी माणूस नव्हतं आणि स्वतः मुलींना शिकवलेलं मी स्वतः मोडणार नव्हते. कुणी म्हणेल भीती. असेल. एकटी बाई विजेला चिकटली तर कळणार कधी, दूधवाल्याला? थंड काम म्हणजे काम नव्हे, हेही मला कळत होतं. दिवसभर त्या खोलीत बसून संध्याकाळी आठवायला जावं तर कुणाशी एक शब्द बोललेला नसायचा. दुरुस्त न होणाऱ्या मीटरला मी कधीमधी आमच्या बोलीत शिव्या द्यायची. तेवढंच बोलणं.

मुलगा आला. गुणी आहे, काळजी करतो. आधी त्यानं धक्का बसला की आपोआप वीज तोडणारं यंत्र आणून भिंतीवर बसवलं. मी त्याला सांगितलं, घरातल्या तारेला चिकटले तर हे तोडील, पण सेटच्या आतली मोठी वीज ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची, तिनं मला धरलं तर याला पत्ताही लागणार नाही. मग तो म्हणाला, व्हिडिओ कॉल करू. तोही करून बघितला. मी एक दुसरा सेट चालू करून फोन डब्याला टेकवून ठेवला, तो कोइंबतूरहून विचारायला लागला, "आई, आहेस का?" आणि थोड्याच वेळात नेट अडकलं. तोंड उघडं ठेवून माझा मुलगा पडद्यावर थिजून गेला. आता मी त्याला विचारायची पाळी आली. मी खटका बंद केला आणि हसू की रडू कळेना म्हणून भांडी घासायला गेले.

त्याचा हात तिथून खटक्यापर्यंत पोचत नाही, हे त्यालाही समजलं. मग तो सरळच बोलला. "आई, तूच म्हणतेस एकटीनं करायचं नाही. मग ही खोली कशाला? घर कशाला? तिकडं ये." त्यात चूक काय होती? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. हा एक सीआरओ नीट झाला, रेघ जागेवर राहिली, तर मी इथंच राहीन आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही झाला तर भंगारवाल्याला बोलावते, खोली रिकामी करते आणि तुझ्याबरोबर गाडीत बसते. त्यानं कबूल केलं. तो गेल्यावर मला वाटलं, हे आपण काय बोलून बसलो.

दिवाळी जवळ आली आणि टॉवेल काही उचलला गेला नाही. एका दुपारी मी मनाशी ठरवलं, पुरे झालं, भंगारवाल्याला फोन करावा. फोन खटक्याच्या पाटीवर चार्जिंगला लावला होता आणि वायर आखूड, म्हणून बोलायला मी त्या खुर्चीत बसले. तोवर मी तिच्यात कधी बसले नव्हते. माझी जागा बेंचशी, खुर्ची त्यांची.

तिथून सीआरओचा पडदा दिसतच नाही. दिसतं ते स्टूल, आणि स्टुलावर कुणी बसलं तर त्याची पाठ. मी इतकी वर्षं त्यांना सांगत असायची, "बघा, केवढी सरळ रेघ आली," आणि ते म्हणायचे, "सुरेख." त्यांना रेघ दिसतच नव्हती. त्यांना मी दिसत होते आणि माझ्या पाठीवरचा चिमटा.

मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. खटका जुना, काळा, खाली केला की चालू, वर केला की बंद. पाटीच्या खाली चुन्यावर एक डाग होता, तेलकट, तळहाताच्या मुळाएवढा. मी तिथं हात टेकवला तर माझं बोट आपोआप खटक्याच्या खाली गेलं, नुसतं उचलायचा अवकाश. मी समजत होते की माणूस पेपर वाचतो आणि आठवण झाली की विचारतो. पण पेपर नेहमी एकाच हातात का असायचा, पान उलटल्याचा आवाज का यायचा नाही, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. दर वेळी, पूर्ण वेळ, त्यांचा हात इथं होता. मी त्या डागावर हात ठेवून खूप रडले. भंगारवाल्याला फोन करायचा राहिला तो राहिलाच.

उन्हं कलताना आमच्या गल्लीत फुलवाली येते. तमिळ बाई, माझ्याहून थोडी लहान, डोक्यावर टोपली. हे असताना माझ्यासाठी रोज हातभर मोगऱ्याचा गजरा आमच्या दारी मोजून द्यायची. हे गेल्यापासून ती आमच्या दारापुढून जरा भरभर जायची, शुक्रवारी देवापुरती फुलं ठेवायची आणि माझ्याकडं बघायची नाही. विधवेच्या दारात फुलांची टोपली घेऊन उभं राहायला तिला जड जात असेल. त्या दिवशी मी तिला हाक मारली. तिच्या मिक्सरची वायर मी मागं जोडून दिली होती, त्यामुळं खोलीतला पसारा बघून ती दचकली नाही. मी तिला समजावलं, इथं बसायचं, हात इथं ठेवायचा, थोड्या थोड्या वेळानं विचारायचं आणि मी उत्तर दिलं नाही तर खटका वर.

"हात ठेवला तर फुलं कशी ओवू?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, ओवायला दोन्ही हात लागतात आणि वर पायाचा अंगठाही. मी म्हटलं, थोडा वेळ नको ओवू. ती खुर्चीत बसेना. "ते सर बसायचे तिथं, टीचरम्मा. मी खाली बसते." खाली बसली तर हात खटक्यापर्यंत पोचेना. शेवटी तिनं खुर्चीला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि अगदी कडेला टेकली. मी तिचा तळहात धरून त्या डागावर ठेवला. "इथं. मी बंद म्हणेपर्यंत इथनं काढायचा नाही," मी म्हटलं. प्रश्न मात्र तिला तिच्याच भाषेत विचारायला सांगितलं. "आहेस कीं" मी तिला शिकवलं नाही. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं.

टॉवेल काढला. डावा हात मागं खोचला. खिळ्यावर चिमटा तसाच होता, तो मी बघून न बघितल्यासारखं केलं. "घाल," मी म्हटलं आणि तिनं खटका खाली केला. व्हॉल्व लाल झाले. गरम धुळीचा वास आला. पडद्यावर दोन हिरव्या रेघा उगवल्या आणि जागेवर बसल्या.

"इरुक्कींगळा?" मागून आलं. आहात का?

"इरुक्केन्," मी म्हटलं. आहे.

सेट तापायला वेळ लागतो. ती नेमानं विचारत राहिली, मी उत्तर देत राहिले. मध्येच म्हणाली, माझा नवरा असा कधी विचारत नाही हो, जेवलीस का एवढंच. तेही भात संपला असेल तर. मला हसू आलं. सेटसमोर मी किती दिवसांनी हसत होते कोण जाणे. मग वरची रेघ थरथरली आणि उडी मारून पडद्याबाहेर गेली. मी काडी घेतली आणि टाके टिचकावत निघाले. टाक्यांची एक पट्टी झाली, दुसरी झाली. कोपऱ्यातल्या एका टाक्याला काडी लागली आणि रेघ धपकन जागेवर आली. पुन्हा टिचकी, पुन्हा वर गेली. टाका बाहेरून चकचकीत आणि आतून सुटलेला. जोडणाऱ्याला जेवायची घाई झाली असणार.

"सांपडलें," मी मोठ्यानं म्हटलं.

म्हटलं आमच्या बोलीत आणि म्हटलं त्यांना. म्हणून झाल्यावर मी थांबले. "मग बंद करूं?" यायची माझ्या सगळ्या अंगाला सवय होती. ते आलं नाही. आलं ते "इरुक्कींगळा?" मला उत्तर माहीत होतं. मी धडधाकट उभी होते, हात मागं, काडी हातात, रेघ समोर. पण गळ्यातून आवाजच निघेना. ती पुन्हा विचारायला थांबली नाही.

खटका वर गेला. व्हॉल्व विझले, रेघेचा ठिपका झाला आणि तोही बारीक होत गेला. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला आणि दोन ओल्या, मोगऱ्याचा वास येणाऱ्या हातांनी मला पाठीमागून गच्च धरलं. आधी खटका, मग माणूस. माझ्या किती तरी मुलींनी परीक्षेत हा क्रम चुकवला होता.

"उत्तर आलं नाही, म्हणून वर केला," ती धापा टाकत म्हणाली. "चुकलं का, टीचरम्मा?"

"नाही," मी म्हटलं. "असंच करायचं असतं." माझे डोळे वाहत होते आणि ते तिला दिसत होते. तिनं नुसता माझा दंड धरून ठेवला.

बंद सेटमध्येही वीज दबा धरून बसते, ती मी आधी तारेनं जमिनीत उतरवली आणि मग तो टाका उकलून नव्यानं घातला. तोवर अंधारायला आलं होतं आणि तिची फुलं टोपलीत तशीच पडली होती. मी म्हटलं, जा, उशीर झाला, उद्या बघू. ती गेली नाही. खुर्चीत बसली, या वेळी कडेला नाही, नीट मागं टेकून, आणि मी न सांगता तिनं तळहात भिंतीवरच्या डागावर ठेवला.

खटका पुन्हा खाली झाला, सेट तापला. पुरता तापला. मी टाक्याला टिचकी मारली, मग सबंध सांगाड्याला मारली. रेघ जागची हलली नाही.

"इरुक्कींगळा?"

"आहें," मी म्हटलं. मागं काहीच हललं नाही, तिला आमची बोली कळली नव्हती आणि तिचं बोट खटक्याखाली असणार. मग मी तिच्यासाठी लगेच म्हटलं, "इरुक्केन्."